पडद्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा

घरचा संगणक : वाचकांचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले आणि तेव्हापासून या सदराकडे लिनक्सबद्दलची, म्हणजे विंडोजऐवजी घालता येणाऱ्या मोफत प्रणालीबद्दलची, पत्रं वाढली आहेत. धडधाकट लॅपटॉप भंगारात न देता त्यावर मिंट किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकार घालणाऱ्या प्रत्येक घराचं मला मनापासून कौतुक वाटतं. चिपळूणच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं मशीनं सांभाळली. त्यातून एकच गोष्ट पक्की शिकले. लिनक्स बिघडलं तर ते बहुतेक वेळा कारण सांगतं, आपण वाचत नाही. म्हणून विनंती, पत्रासोबत पडद्याचा स्पष्ट फोटो पाठवा. नुसतं ‘चालू होत नाही’ असं लिहिलंत तर नाडी हाताला लागत नाही.

प्रश्न : मुलाने जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट घालून दिलं. परवा लाइट गेली, आली, आणि तेव्हापासून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन शेवटी कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असा शब्द येतो आणि मशीन थांबतं. दुकानदार म्हणतो, हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल. पेन्शनचे कागद आणि नातवंडांचे फोटो आत आहेत. *(निवृत्त शिक्षक, बार्शी)*

सर, फॉरमॅट मारू देऊ नका. तुमच्या वर्णनावरून डिस्क गेली असं म्हणता येत नाही. डिस्कवरची नोंदवही विस्कटली असण्याची शक्यता जास्त आहे.

किराणा दुकानदार वहीत जमा लिहितोय आणि शिल्लक मांडायच्या आत दिवे गेले, तर वहीचा मेळ बसत नाही. तसंच इथे झालंय. लिनक्स अशा अर्धवट नोंदी पुढच्या वेळी आपणहून पुऱ्या करतं. पण कधी गोंधळ त्यापलीकडचा असतो. मग ते माणसाला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. तो काळा पडदा म्हणजे ते विचारणं आहे.

त्या कंसाच्या चार-सहा ओळी वर पाहा. तिथे इंग्रजीत ‘मॅन्युअली’ हा शब्द असेल आणि जवळच पार्टिशनचं (डिस्कच्या विभागाचं) नाव, म्हणजे तिरकी रेघ, डेव, पुन्हा तिरकी रेघ आणि एसडीए२ किंवा तसंच काही. ते नाव कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्या. फोटोही काढा.

लगेच दुरुस्तीला हात घालू नका. डिस्क खरोखरच दुखणाईत असेल तर दुरुस्तीचा ताण तिला सोसत नाही. ज्या पेनड्राइव्हवरून मुलाने मिंट घातलं, तो लावून मशीन चालू करा. चालू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबलं की कशावरून सुरू करायचं ते विचारलं जातं (कुठली कळ ते कंपनीनुसार बदलतं). पेनड्राइव्ह निवडा. काही इन्स्टॉल न करता मिंट समोर येईल. फाइल मॅनेजरमध्ये डाव्या हाताला तुमची डिस्क दिसेल, तिच्यात ‘होम’ आणि त्यात तुमच्या नावाचं फोल्डर. ते आख्खं दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. डिस्क उघडायला नकार आला तर जबरदस्ती न करता मला पुन्हा लिहा.

कॉपी झाल्यावर तिथेच ‘डिस्क्स’ नावाचं ॲप उघडा. वरच्या मेनूत ‘स्मार्ट’ नावाची तपासणी असते. बाद होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि वाचायचे अडलेले सेक्टर, या दोन ओळींपुढे शून्य असेल तर जीव भांड्यात पडू द्या. आकडा असेल आणि आठवड्याने पाहिल्यावर तो वाढला असेल, तर डिस्क बदला. सीआरसीच्या, म्हणजे केबलमधून माहिती जाताना झालेल्या, चुकांचा आकडा मोठा असेल तर डिस्कऐवजी केबल सैल असू शकते. आमच्या लॅबमध्ये दोन डिस्का बाद ठरल्या होत्या, प्रत्यक्षात केबल बदलून त्या पुढे चार वर्षं चालल्या.

आता दुरुस्ती. पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा त्या काळ्या पडद्यापर्यंत येऊ द्या. इंग्रजी लहान अक्षरांत एफ, एस, सी, के टाइप करा, जागा सोडा, वजाचं चिन्ह आणि लगेच वाय, पुन्हा जागा, आणि कागदावरचं पार्टिशनचं नाव. एंटर. बरंच काही सरसर वर जाईल, जाऊ द्या. थांबलं की ‘एक्झिट’ टाइप करून एंटर दाबा. बहुतेक वेळा मशीन सरळ उठतं. फाइलींचे सुटे राहिलेले तुकडे ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले जातात, एखादा फोटो हरवलाच तर तिथे शोधता येतो.

आणि घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यामागे किंवा पुढे एक छोटा खटका असतो, ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा. नॉर्मलवर लाइट गेल्यापासून इन्व्हर्टर हाती घेईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडून पुन्हा चालू होतो. पंख्याला ते कळतही नाही. खटका यूपीएसवर ठेवा.

प्रश्न : लिनक्सला व्हायरस लागत नाही म्हणतात. मग अँटिव्हायरस, फायरवॉल कशाला? मी ऑर्डरी आणि बँकेचं काम त्याच लॅपटॉपवर करते. *(शिवणकाम व्यावसायिक, इचलकरंजी)*

ताई, अँटिव्हायरस घेऊ नका, पण ‘लागत नाही’ या समजुतीवर विसंबूही नका.

मार्च २०२४मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेला, फाइली आक्रसून ठेवणारा हा प्रोग्रॅम. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हा प्रश्न पडला. तो त्याच्या मागे लागला आणि २९ मार्चला त्याने सगळं जगासमोर मांडलं. चोरदरवाजा तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता, तुमच्या-माझ्या घरच्या स्थिर आवृत्त्या वाचल्या. कोड उघडा, म्हणजे कुणालाही वाचता येणारा, होता म्हणून तो माणूस तळापर्यंत जाऊ शकला. पण कोड उघडा आहे एवढ्याने भागलं नाही, कुणीतरी बसून पाहिलं तेव्हा ते सापडलं. हे मी नव्या माणसाला नेहमी सांगते.

तुमच्यापुरतं काम थोडं आहे. मिंटमध्ये फायरवॉल आधीपासून असते, पण बंद असते. मेनूत ‘फायरवॉल’ शोधा, पासवर्ड द्या, बटण चालू करा. बाहेरून येणाऱ्यांना बंदी, आतून जाणाऱ्यांना वाट, हेच मूळ सेटिंग तुम्हाला पुरेसं आहे. खालच्या पट्टीत ढालीचं चित्र आहे, त्यावर ठिपका दिसला की अपडेट आलेत. त्या दिवशीच करून टाका. आणि सॉफ्टवेअर घ्यायचं तर ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधूनच. कुठल्याशा पानावर ‘ही ओळ टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टाका’ असं लिहिलेलं असतं, ती ओळ काय करते हे कुणी समजावून सांगेपर्यंत टाकायची नाही. मशीन जेव्हा पासवर्ड मागतं तेव्हा ते घराची किल्ली मागत असतं. कशासाठी मागतंय ते त्याच खिडकीत लिहिलेलं असतं.

मला तुमची खरी काळजी वाटते ती फोनची. ‘बँकेतून बोलतोय’, ‘पोलीस ठाण्यातून बोलतोय’ म्हणत कुणी लॅपटॉपचा दूरून ताबा घेणारं ॲप घालायला लावलं, तर विंडोज काय नि लिनक्स काय, दार आपणच उघडून दिलेलं असतं. फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन लावा. लाज वाटून रात्रभर गप्प राहू नका. पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवायचा असतो, त्यात मिनिटामिनिटाला महत्त्व आहे.

प्रश्न : विंडोज आणि उबुंटू दोन्ही ठेवलंय. एकातून दुसऱ्यात गेलो की घड्याळ साडेपाच तास चुकतं. शिवाय उबुंटूतून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही. *(विद्यार्थी, वणी)*

साडेपाच तास म्हटलंस तिथेच उत्तर आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ लिहितं, उबुंटू जागतिक वेळ लिहितं. दोघं एकमेकांची वेळ आपली समजून वाचतात. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’, जागा, ‘सेट-लोकल-आरटीसी’, जागा, १ असं इंग्रजीत दे, म्हणजे दोघंही भारतीय वेळेवर येतील. डी ड्राइव्हचं कारण वेगळं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं की ‘शट डाउन’ केल्यावरही ते पुरतं बंद होत नाही, ड्राइव्ह स्वतःकडे अडकवून झोपतं. उबुंटू मग हात न लावता फक्त वाचू देतं, आणि ते बरोबरच करतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद कर.

प्रश्न : पासवर्ड विसरलो होतो. भाच्याने चालू होतानाच्या मेनूतून रिकव्हरीत जाऊन दोन मिनिटांत नवा घालून दिला. आनंद झाला, पण रात्री झोप लागली नाही. हे चोरालाही जमेल ना? *(वाचक, पुणे)*

जमेल. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दाराची कडी. मशीन ज्याच्या हातात आहे त्याला ती काढता येते, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की तीही गरज उरत नाही. डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) केलेली नसेल तर हे विंडोजलाही लागू आहे, त्यामुळे लिनक्सला दोष देऊ नका.

यावर उपाय एकच, डिस्क एन्क्रिप्ट करणं. उबुंटू किंवा मिंट घालताना तसा पर्याय येतो, तेव्हाच निवडायचा. नंतर आख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणं घरच्या घरी करण्यासारखं नाही, फाइली बाहेर काढून पुन्हा इन्स्टॉल करणं सोपं. घरातून न हलणाऱ्या डेस्कटॉपला मी आग्रह धरणार नाही. पण लॅपटॉप लोकलने, एसटीने फिरत असेल तर कराच. फक्त हा पासवर्ड विसरलात तर भाचा काय, कुणीच उघडू शकणार नाही. तो कागदावर लिहा आणि बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवा. कागदावर लिहू नये हे ऑफिसातल्या टेबलाबद्दल खरं आहे, घरच्या कुलपातल्या कपाटाबद्दल नाही.

प्रश्न : १२८ जीबीची एसएसडी, त्यावर मिंट. महिन्याभरात ‘जागा संपली’ असा संदेश. मी तर काहीच साठवलं नाही. आणि टाइमशिफ्ट चालू आहे म्हणजे माझा बॅकअप होतोय ना? *(वाचक, बेळगाव)*

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं उत्तर आहे. टाइमशिफ्ट रोजच्या रोज सिस्टिमची छबी काढून त्याच डिस्कवर ठेवत असेल, तर जागा तिनेच खाल्ली. ते उघडा, जुन्या छब्या तिथूनच पुसा (फाइल मॅनेजरमधून नको), आणि यापुढे आठवड्याच्या दोनच ठेवायला सांगा.

आता बॅकअप. नाही, होत नाहीये. टाइमशिफ्ट जपतं ती सिस्टिम. एखादा अपडेट अंगाशी आला तर कालच्या जागी परत नेण्यासाठी ते फार गुणी आहे. पण तुमचं होम फोल्डर ते मुळात वगळतं, आणि डिस्कच गेली तर छब्याही तिच्यासोबत जातात. मिंट पुन्हा घालायला अर्धा तास लागतो. तुमच्या फाइली कुणी पुन्हा देणार नाही. मिंटमध्येच ‘बॅकअप टूल’ आहे. बाहेरची डिस्क लावा, होम फोल्डर तिच्यावर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा.

दुसऱ्या घरी, हे मी सवयीने लिहीत नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा माझा संगणक टेबलावर होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात, प्लॅस्टिकच्या डब्यात. डबा घट्ट लागतो असं मला वाटायचं. पाणी ओसरल्यावर खण उघडेना, चिखलाने फुगून बसला होता. वडिलांनी पहारीने तो फोडला. डब्यात दोन बोटं गढूळ पाणी होतं आणि डिस्क त्यात आडवी.

कराडला बहिणीकडे एक पेनड्राइव्ह होता, त्याच वर्षी मे महिन्यात मी तिच्या प्रिंटरवर काही छापायला नेलेला आणि विसरलेला. सातबारा, खरेदीखत आणि वडिलांच्या सेवापुस्तकाचे स्कॅन त्यावर होते. कागद सगळे लगदा झाले होते, नुकसानीच्या अर्जाला आम्ही त्या पेनड्राइव्हवरच्या प्रती जोडल्या. आता माझी एक डिस्क कराडला असते, एक इथे माळ्यावर. गणपतीला आणि होळीला बहीण येते तेव्हा आम्ही त्या अदलाबदल करतो.