बसोहली या पहाडी लघुचित्रशैलीच्या देवीचित्रांत पाचू चमकतात ते कशामुळे? हिरवा रंग आहे का?

रंग नाही, भुंग्याच्या पाठीवरचं कवच आहे. बसोहली (आता जम्मूतील कठुआ जिल्हा) इथल्या साधारण 1660-70 च्या देवीमालिकेत मुकुट, हार, बाजूबंद यांतले पाचू म्हणजे हिरव्या चमकदार भुंग्याच्या कठीण पंख-कवचाचे बारीक तुकडे, डिंकाने चिकटवलेले. ही चमक कवचाच्या सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते, म्हणून साडेतीनशे वर्षांनीही ती विटलेली नाही.

मोतीही चपटे नाहीत. दाट पांढऱ्या रंगाचे थेंब टाकून ते उठावदार केलेले असतात. तिरक्या उजेडात त्यांची सावली दिसते. ही कामं सगळ्यात शेवटी करायची. आधी केली तर कागद पालथा घालून अकीकाने (गुळगुळीत दगडाने) घोटताना मोती चिरडणार आणि तुकडे उडणार.

नुकसान बहुधा इथेच दिसतं. कवच ताठ आणि किंचित वक्र, कागद लवचिक. पान वाकलं की कडा सुटते. तुकडा पडला की त्या जागी नुसता डाग उरतो, आणि छापील प्रतीत तो काळा खडा वाटतो. समोरून सपाट उजेडात फोटो काढला तरी हीच फसगत. दिवा बाजूने धरा, हिरवं लगेच पेटतं.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच.

साधारण 1660-70 ची बसोहलीची ‘रसमंजरी’ (नायक-नायिकांच्या प्रकारांवरच्या काव्याची चित्रमालिका) पाहा. नायक कृष्णरूपात, आणि दागिन्यांत हीच युक्ती.