हीटरचा पंखा रडत चालतो, मेकॅनिक म्हणतो मोटर गेली. बदलू का?

नका बदलू. निदान मीटर लावल्याशिवाय तरी नका.

तुम्ही लिहिलंय, गाडी 2003 ची, पंखा सगळ्या नंबरांवर मंद, हेडलाइट लावले की आणखी मंदावतो. ‘मोटर गेली’ हे वाक्य मी आमच्या भाऊजींच्या तोंडून ऐकलंय, म्हणून राहवलं नाही.

आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर नावाच्या भागातले. इथे जानेवारीत हीटर ही चैन नव्हे. आईला घेऊन पहाटे दतियाला पीतांबरा पीठात देवीच्या दर्शनाला निघालो होतो, जुनी मारुती 800. डबऱ्याच्या अलीकडे असं धुकं की बॉनेटपुढचं दिसेना, त्यात काच आतून धूसर. आई पदराने काच पुसतेय, मी खिडकी उघडून कुडकुडत चालवतोय. घरी आल्यावर भाऊजींचा निकाल, “मोटरच गेली, लिहून ठेव.” ते रेल्वेत सिग्नलला होते, त्यामुळे घरात विजेबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. नवी मोटर आणून बसवली. तीही तशीच रडायला लागली. “माल डुप्लिकेट निघाला,” इति भाऊजी.

मग एका रविवारी मी मल्टीमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू, पंखा फुल. बॅटरीवर 13.8 व्होल्ट. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल मोटरच्या प्लसवर: 13.3. ठीक. मग लाल मोटरच्या मायनसवर. इथे शून्याच्या जवळपास यायला हवं. आले 4.1! म्हणजे मोटरच्या वाट्याला जेमतेम 9, बाकीचे परतीच्या वाटेवर खलास. काही गाड्यांत स्विच याच बाजूला असतो, म्हणून स्विचच्या पलीकडेही पाहिलं. तिथेही 4 च. म्हणजे स्विच निर्दोष. वायर धरून गेलो तर डावीकडे पायाशी, मुरलेल्या पाण्याने कुजलेल्या मॅटखाली, दहाच्या पान्याचा एक बोल्ट, मोटरची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा, म्हणजे अर्थिंगचा. रिंगवर हिरवा थर, खाली गंज. बोट लावलं तर चटका बसला. पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, नवी रिंग लावली, आवळून वर ग्रीस. पंखा असा सुटला की जाळीतून कडुनिंबाची वाळकी पानं अंगावर आली.

तुमच्याकडे पंखा फक्त फुलवर चालत असता तर रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, गेला म्हटलं असतं. आणि फ्यूज उडतो म्हणून 15 अँपिअरच्या जागी 30 चा टाकणाऱ्याला गाडीला हातही लावू देऊ नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

हो, बोल्ट खोलण्याआधी बॅटरीचा मायनस काढा. पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पंखा जोरात पण वारा गार, असं असेल तर वायरिंग सोडा, गरम पाण्याचा व्हॉल्व्ह आणि इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट बघा. बॅटरी किंवा तिला चार्ज करणारा आल्टरनेटर दमला असेल तरी हेडलाइटवर पंखा मंदावतो, ते आधी मोजा.

भाऊजी अजून म्हणतात, नव्या मोटरनेच काम झालं. म्हणून मी त्यांच्यासमोर जुनी परत बसवली. चार हिवाळे झाले, तीच चालतेय. नवी खोक्यात घालून माळ्यावर ठेवलीय. दिवाळीला आले की भाऊजी वर बघतात आणि म्हणतात, “असू दे, लागेल कधीतरी.”