वय विचारू नकोस

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतला तो चौदा वर्षांचा मुलगा तुझ्या वाचनालयातून जादूच्या जगातल्या तीन जाडजूड कादंबऱ्या घेऊन गेला आणि तिन्ही आठ-आठ दिवसांत परत आल्या, खुणेची चिठ्ठी पन्नासाव्या पानाच्या आतच. आणि तू विचारतेस, "त्याला वाचनाची गोडीच नसेल का?" गोडी नसती तर सोलापूरच्या उन्हात तो तिसऱ्यांदा आला असता का? चूक तुझी आहे. तू त्याचं वय विचारलंस आणि त्या वयाच्या फळीवरचं पुस्तक काढून दिलंस. वय विचारू नकोस. शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक विचार.

"काय आवडतं?" हेही नको, मुलं सिनेमाचं नाव सांगतात. पूर्ण काय केलं ते विचार आणि त्यातलं कुठलं पान पुन्हा उघडलं ते विचार. जादूच्या शाळेतली भांडणं आठवणाऱ्याला दोस्तांची गोष्ट हवी असते. मंत्राचे नियम घडाघडा सांगणाऱ्याला नियम पक्के असलेलं जग हवं. भीतीची जागा दाखवणाऱ्याला काळोख. सगळ्यांना "यात जादू आहे" म्हणून एकच पुस्तक देणं म्हणजे भूक लागली म्हणणाऱ्या प्रत्येकापुढे कडक भाकरी टाकणं. आधी दात बघ ना!

सिनेमा पाहिलाय म्हणून तू त्याला टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' दिलंस. त्यात आधी हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांवरची लांबलचक प्रस्तावना, तिच्यात त्यांच्या तंबाखूची हकिगतसुद्धा. मग वाढदिवसाची मेजवानी, आणि त्या मेजवानीनंतर १७ वर्षं उलटतात तेव्हा कुठे कथानायक फ्रोडो घराबाहेर पडतो. प्रस्तावना सोड, पहिल्या प्रकरणापासून वाच, एवढं तरी सांगितलंस का? त्याच लेखकाचं 'द हॉबिट' (१९३७) मुलांसाठी लिहिलेलं आहे, तिथून सुरुवात करता आली असती.

त्याच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, पुस्तक इंग्रजी. पाच बोटांची कसोटी लाव: मधलंच एक पान उघडायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं. मूठ मिटली तर पुस्तक सध्या जड. पण कल्पित नावं मोजू नकोस, ती वाचणाऱ्या सगळ्यांनाच परकी असतात. मुलं तिथेच लाजून थांबतात. म्हणून खुणेच्या चिठ्ठीवर दहा-बारा नावं देवनागरीत लिहून दे, कोण कोणाचा ते समोर. 'हॅरी पॉटर आणि परीस' मराठीत आहे. इंग्रजी अडत असेल तर सरळ ते दे, त्यात कमीपणा कसला?

मालिकांचा घोळ वेगळाच. सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेच्या हल्लीच्या संचात १९५५ चं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पहिला क्रमांक लावून येतं. ते बाजूला ठेव. १९५० चं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', कपाटातून बर्फात निघणारं, आधी दे. पॉटरचं तिसरं ब्रिटिश आवृत्तीत ३१७ पानांचं, चौथं ६३६. तिथे मुलगा रेंगाळला तर मुदत वाढव, दंड लावू नकोस. आणि खरेदी करताना पहिल्या भागाच्या तीन प्रती, दुसऱ्याच्या दोन, पुढची एकेक. पोरं वाटेत गळतात, पण दुसरा भाग हाताशी नाही म्हणून गळणारी आपल्या पापाची.

मीही वर्षानुवर्षं फळ्यांवर '१२ ते १४' अशा पट्ट्या चिकटवल्या. त्या पट्ट्यांनी किती वाचक घालवले याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. म्हणून आता हेका धरतो. इतकी चौकशी पोलीस ठाण्यातही होत नाही, असं लोक म्हणतात. म्हणू देत. तीन मिनिटं लागतात. हरवलेलं पोर परत आणायला किती लागतात ते त्यांनी सांगावं.

त्याच्याशी बोल. पूर्ण केलेलं पुस्तक विचार, चौथीतलं असलं तरी हसू नकोस. त्यातली एकट्या माणसाची, केलेल्या चुकीची किंमत मोजण्याची जागा त्याने दाखवली आणि इंग्रजी झेपत असेल, तर उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) दे. दोनेकशे पानांचं आहे. पोरगा घमेंडीत मंत्र म्हणतो आणि एक सावली सुटते. पहिलं प्रकरण तिथेच उभ्याने वाचायला लाव. चिठ्ठी कुठल्या पानावर थांबली ते मला कळव.

तुझा,
काका