हंगेरियन गुलाश घरी केलं, पण रस्सा पातळ आणि कडवट झाला. मैदा लावून दाट करू का?

मैदा नका लावू. दाटपणा कांद्याने येतो, आणि तुमचा कडवटपणा बहुतेक जळलेल्या पाप्रिकाचा, म्हणजे हंगेरियन लाल मिरचीच्या पुडीचा आहे.

आधी नाव. गुलाशला हंगेरीत ‘गुयाश’ म्हणतात, आणि ते सूप असतं. शब्दाचा मूळ अर्थ गुराखी. माळावर गुरं राखणारे लोक विस्तवावर कढई टांगून ते शिजवत. तुम्हाला हवं असलेलं दाट, अंगाबरोबर रस्सा असलेलं मटण म्हणजे ‘प्योर्कोल्ट’. सुपाची कृती बघून केलं असेल तर रस्सा पातळच होणार.

मी बुडापेस्टला दोन वर्षं होते, तिथे घरमालकीणबाईंकडून हे शिकले. एक किलो मटणाला अर्धा किलो कांदा, अगदी बारीक चिरून. बाई तो डुकराच्या चरबीत परतायच्या, तेलही चालतं. मंद आचेवर वीस मिनिटं तरी द्या. कांदा लाल नको, पारदर्शक होऊन विरघळायला लागला पाहिजे. मग त्या पातेलं उचलून चक्क लाकडी पाटावर ठेवायच्या, पाप्रिका घालून दोनदा ढवळायच्या आणि लगेच पाण्याचा हबका मारायच्या. पाप्रिकात साखर असते, गरम तेलात ती काही सेकंदांत करपते. फोडणीत तिखट जळतं ना, तसंच. हे एवढं सांभाळलंत तर निम्मं काम झालं.

आता मटण आणि मीठ घालून झाकण ठेवा. मटणाला स्वतःचं पाणी सुटतं. ते आटून तेल दिसायला लागलं की अर्धी वाटी गरम पाणी, पुन्हा आटलं की पुन्हा अर्धी वाटी. एकदम तांब्याभर ओतू नका. लसूण, एक टोमॅटो, एक ढोबळी मिरची, हवं तर चिमूटभर शहाजिरं. गरम मसाला, हळद, आलं काहीही नको. दीड-दोन तास लागतात. कुकर मी टाळते, त्यात रस्सा आटत नाही.

तिथे बीफ किंवा डुकराचं मांस जास्त चालतं, पण मटण म्हणजे तडजोड समजू नका. कार्त्सोग गावचं मेंढीचं प्योर्कोल्ट हंगेरीभर नावाजलेलं आहे. खांद्याचे आणि नळीचे तुकडे घ्या.

पाप्रिका गोड घ्या, किलोला तीन मोठे चमचे. स्मोक्ड नको, ती स्पेनची. काश्मिरी मिरचीने रंग येतो, तो गोडसर वास येत नाही. शिवाय ती गोड पाप्रिकापेक्षा तिखट, म्हणून निम्मीच घाला. डबा जुना होऊन पूड तपकिरी पडली असेल तर सरळ नवीन आणा.

सोबत नोकेडली करून बघाच. मैदा, अंडं, मीठ, पाणी यांचं सैल पीठ मोठ्या भोकांच्या झाऱ्यातून बुंदीसारखं उकळत्या पाण्यात पाडायचं. वर तरंगलं की काढायचं.