अपडेट रखडतंय, पण खोट मेमरीत नाही

प्रश्न : आमच्या सर्व्हरवर १६ जीबी रॅम आहे आणि फक्त मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस चालतो. ऑर्डरच्या टेबलात ४० लाख ओळी आहेत. ऑर्डर क्रमांक देऊन एका ओळीची स्थिती बदलायला ६-७ सेकंद लागतात. त्या क्रमांकावर इंडेक्स (ओळ पटकन शोधून देणारी सूची) आहे. बफर पूल (डेटाबेस आपला डेटा रॅममध्ये ठेवतो ती जागा) १४ जीबी केला, तर सर्व्हर आणखीच मंदावला. काय करावं?

उत्तर : मेमरीला हात लावण्याआधी त्याच अपडेटपुढे ‘एक्सप्लेन’ लावून पाहा; क्वेरी कशी चालवली जाईल ते तो आदेश दाखवतो. ‘की’ (वापरलेला इंडेक्स) या रकान्यात ‘प्रायमरी’ (टेबलाचा मुख्य इंडेक्स) दिसलं म्हणून समाधान मानू नका. अख्खं टेबल चाळलं जात असतानाही अपडेटच्या बाबतीत तसंच दिसू शकतं. खरं काय ते ‘रोज’ (rows, म्हणजे अंदाजे किती ओळी तपासाव्या लागतील) हा रकाना सांगतो. तिथे ४० लाखांच्या आसपास आकडा असेल, तर इंडेक्स असून नसल्यासारखा आहे.

असं होण्याचं नेहमीचं कारण फार साधं असतं. ऑर्डर क्रमांकाचा कॉलम व्हारकॅर (मजकूर साठवणारा प्रकार) असतो आणि क्वेरीत क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला असतो. मग तुलना आकडे म्हणून होते. ‘४५’, ‘०४५’ आणि ‘४५अ’ हे तिन्ही मजकूर आकडा म्हणून ४५च ठरतात, त्यामुळे अक्षरक्रमाने लावलेला इंडेक्स इथे कुचकामी ठरतो. क्रमांक अवतरणात द्या किंवा ॲप्लिकेशनमधून स्ट्रिंग म्हणूनच पाठवा. शिवाय नेहमीच्या आयसोलेशन पातळीवर (एकाच वेळी चालणारे व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे ती सेटिंग) इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग, चाळलेल्या सगळ्याच ओळींवर लॉक धरतं, म्हणून बाकीचे अपडेट खोळंबतात आणि ५० सेकंदांनी ‘लॉक वेट टाइमआउट’ येतो. कोण कोणाला अडवतंय हे मायएसक्यूएलच्याच ‘सिस’ स्कीमातल्या ‘इनोडीबी लॉक वेट्स’ या तक्त्यात दिसेल.

आता मेमरी. १६ पैकी १४ जीबी बफर पूलला दिल्यावर कनेक्शन आणि ऑपरेटिंग सिस्टीमसाठी पुरेशी जागाच उरत नाही. सर्व्हर स्वॅपवर जातो, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरू लागतो. ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा. त्यातले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (स्वॅपमधून आत येणारी आणि बाहेर जाणारी मेमरी) सतत शून्याच्या वर असतील, तर मंदावण्याचं कारण हेच. बफर पूल १० जीबीवर आणा. ‘सेट पर्सिस्ट’ हा आदेश वापरलात तर रीस्टार्ट लागत नाही आणि बदल टिकतो. मात्र वर्दळ कमी असताना करा.

सॉर्ट बफर आणि जॉइन बफर (ओळी क्रमाने लावायला आणि टेबलं जोडायला लागणारी मेमरी) वाढवले असतील, तर ते पुन्हा २५६ केबीवर न्या. ही मेमरी प्रत्येक कनेक्शन गरजेप्रमाणे वेगळी घेतं. ६४ एमबीचा सॉर्ट बफर १५१ कनेक्शनांनी एकदम मागितला, तर सव्वानऊ जीबीहून जास्त मेमरी तिथेच जाते.

दिवसभर अपडेटचा मारा असेल तर रीडू लॉगही (बदल आधी जिथे नोंदवले जातात ती फाइल) बघा. मायएसक्यूएल ८.०.३०पासून त्याची मूळ क्षमता १०० एमबी आहे. ती लवकर भरते आणि बदललेली पानं (डेटाचे तुकडे) घाईने डिस्कवर लिहावी लागतात. २ जीबी करून पाहा.

‘फ्लश लॉग ॲट टीआरएक्स कमिट’ (व्यवहाराची नोंद डिस्कवर कधी पक्की करायची ते ठरवणारी सेटिंग) १ वरून २ करण्याचा सल्ला कोणी देईल. वेग वाढतो खरा, पण वीज गेली तर शेवटच्या सुमारे एका सेकंदाचे व्यवहार हरवू शकतात. ऑर्डरच्या टेबलासाठी ते १ वरच ठेवा.