पोहता न येणाऱ्या आईला कॅरिबियन क्रूझवर स्नॉर्कलिंग जमेल का?

जमेल, नक्की न्या! स्नॉर्कलिंग म्हणजे मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघणं; त्यात पोहण्यापेक्षा तोंडाने शांत श्वास घेणं महत्त्वाचं. तरंगायला लाइफ जॅकेट असतंच. मास्क आणि नळी आधीच घ्या आणि तुमच्या सोलापुरातल्याच एखाद्या जलतरण तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, आईंचा सराव करून घ्या. नाक बंद झाल्यावर होणारी पहिली घालमेल इथेच सरलेली बरी. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, यात भीड नको.

क्रूझच्या थांब्यांमध्ये ग्रँड केमन बेटावरची स्टिंगरे सिटी मला सगळ्यात आवडते: समुद्रात वाळूचा उथळ पट्टा, साधारण कमरेएवढं पाणी आणि पायांभोवती फिरणारे पाकट मासे. तिथे पाय उचलून न टाकता घासत चालायचं, म्हणजे मासा पायाखाली येत नाही. मात्र या बेटावर मोठ्या जहाजातून छोट्या बोटीत उतरावं लागतं. आईंचे गुडघे दुखत असतील तर मेक्सिकोचं कोझुमेल बेट सोपं, तिथे जहाज धक्क्याला लागतं.

मायामीहून निघणार असाल तर अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री (एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा) व्हिसा हवा; सुरुवात त्यानेच करा. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, म्हणून जानेवारीतली गड्ड्याची यात्रा घरी करून फेब्रुवारी-मार्चमध्ये निघा. शेंगा चटणी सीलबंद पाकिटातलीच घ्या, घरी केलेले पदार्थ जहाजावर सहसा चालत नाहीत.