पीकेएक्झेकमधल्या भोकाला जबाबदार कोण: कोड लिहिणारे, कर्नलवाले की सर्व्हर सांभाळणारे?

तिसऱ्या पर्यायामुळे लिहितोय, कारण सर्व्हर सांभाळणारा मीच; नाहीतर वाचून सोडून दिलं असतं. पीकेएक्झेक म्हणजे लिनक्सवर साध्या युजरला परवानगी असेल तर रूट (सर्वाधिकारी) म्हणून कमांड चालवू देणारा छोटा प्रोग्राम; भोक असं, की परवानगी नसलेलाही रूट होऊ शकायचा.

२५ जानेवारी २०२२, रात्रीचे साडेदहा. क्वालिस या सुरक्षा कंपनीने पॉलकिटचं (पीकेएक्झेक ज्यात येतो ते पॅकेज) प्रकरण जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी सुट्टी. मी कोथरूडला घरीच, डायनिंग टेबलवर लॅपटॉप, शेजारी ताटं तशीच. पॅच आले होते, पण आमच्याकडे पॅचिंग म्हणजे महिन्याचा तिसरा शनिवार! जंप सर्व्हरवर (ज्यावरून बाकीच्या सर्व्हरवर जायचं तो) व्हेंडरची पोरंसुद्धा लॉगिन करायची. काही तासांत एक्स्प्लॉइट (भोकाचा फायदा घेणारा तयार कोड) फिरायला लागलं, तेव्हा मी सरळ लूप लावून सगळीकडे पीकेएक्झेकवर सीएचमॉड ०७५५ मारला. सेटयूआयडी बिट (कोणीही चालवला तरी प्रोग्रामला मालकाचे, इथे रूटचे, अधिकार देणारी खूण) गेला, विषय संपला.

गुरुवारी कॉलवर साहेब म्हणाले, "चेंज रिक्वेस्ट कुठाय?" म्हणजे बदलाआधीचा मंजुरीचा अर्ज. मग, "लोकल बग आहे ना, बाहेरचा कोण येणार?" म्हणजे आधीच लॉगिन असलेल्यालाच वापरता येणारा. अहो, एकाचा पासवर्ड फुटला की बाहेरचा आतलाच होतो! पण एका डेव्हलपरचं जीपार्टेड (डिस्कचे भाग पाडायचं टूल, पीकेएक्झेकमधून रूट घेणारं) उघडेना, 'पीकेएक्झेक मस्ट बी सेटयूआयडी रूट' म्हणे. तेवढ्यावरून मला मेल, अख्ख्या टीमला सीसी.

आता तुमचा प्रश्न. चूक लिहिणाऱ्यांचीच. सेटयूआयडी रूट प्रोग्राम लिहायचा आणि आर्गसी (प्रोग्रामला दिलेल्या आर्ग्युमेंटच्या यादीतली संख्या) शून्य आहे का ते बघायचं नाही? यादी रिकामी दिली की हा बाबा पुढे एन्व्हायर्नमेंटच्या (चालवणाऱ्याने सोबत दिलेल्या सेटिंग्जच्या) जागेत वाचतो, वर तिथेच लिहितो; लोडरने (प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या भागाने) धोक्याचा म्हणून काढून टाकलेला जीकॉन्व्ह पाथ परत आत, त्यातून हल्लेखोराचा कोड लोड झाला की मिळालं रूट. २००९ पासून, पहिल्या आवृत्तीपासून हेच. कर्नलवालेही, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणारे, सुटत नाहीत. ओपनबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम असली रिकामी यादी घेतच नाही. लिनक्समध्ये मायकेल केरिस्क या डेव्हलपरने हा मुद्दा २००८ मध्येच काढला होता, तेव्हा एकमत होईना. बंदोबस्त झाला तो कर्नलच्या ५.१८ आवृत्तीमध्ये.

आमची जबाबदारी जाहीर झाल्याच्या मिनिटापासून. पण मग अप्रूव्हल अडवून बसणाराही त्यात धरा. रात्री रूट माझ्या हातात आणि निर्णय मात्र सकाळच्या कॉलवर, असं चालत नाही. हे मी तेव्हाही बोललो होतो, अप्रेझलमध्ये दिसलं.

हां, डेस्कटॉपवर ०७५५ केलंत तर असली टूल्स बंद पडणार, आधी सांगून ठेवा. मी नव्हतं सांगितलं, ते चुकलं. आणि आधीच कोणी रूट होऊन बसला असेल तर याचा काही उपयोग नाही.

पॅच ठरल्याप्रमाणे १९ फेब्रुवारीला लागला, ऐन शिवजयंतीला. तोही मीच लावला.